मालवणात तीन रात्री घरगुती मुक्काम: किल्ला, पद्मगड, स्कूबा, धामापूर कसे बसवावे?

पायवाट:
नमस्कार मंडळी. माघ शुद्ध एकादशी ते चतुर्दशी असा मालवणचा बेत नक्की झाला आहे. तीन रात्री, चार माणसे: मी, नववीतली लेक, आई (६९) आणि बाबा (७६). बाबांचे गुडघे दुखतात. सपाटीवर किलोमीटरभर आरामात चालतात, पायऱ्या मात्र जपून. स्वतःची गाडी नाही. रेल्वेने सकाळी कुडाळला उतरणार, चौथ्या दिवशी संध्याकाळी तिथूनच परत. हॉटेल नको, कुणाच्या तरी घरी राहून घरचेच जेवायचे आहे.

कच्चा आराखडा असा: पहिल्या दिवशी पोचल्यावर सिंधुदुर्ग किल्ला आणि लगेच पद्मगड. दुसऱ्या दिवशी कुणकेश्वर आणि विजयदुर्ग. तिसऱ्या दिवशी तारकर्ली, देवबाग, स्कूबा. चौथ्या दिवशी धामापूर.

हे जमेल का? बाबांना होडीत चढता-उतरता येईल का? घर ठरवताना काय विचारावे? आणि लेकीला पोहता येत नाही, तरी स्कूबा चालेल का?

---

दर्यावर्दी:
ठिकाणे चांगली निवडलीत, क्रम मात्र बदलावा लागेल. मालवणात आधी पाण्याची वेळ काढायची आणि मग दिवस आखायचा. तुम्ही तिथ्या दिल्यात, त्यामुळे हिशोब इथेच करता येतो.

किनाऱ्यावरची जुनी रीत अशी: तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा. उत्तर येते ती पूर्ण भरतीची वेळ. त्यात सहा तास आणि वर थोडी मिनिटे मिळवली की पूर्ण ओहोटी. इकडे ओहोटीला सुकती म्हणतात, होडीवाल्यांच्या तोंडी तोच शब्द ऐकाल.

एकादशी: ११ × ३ = ३३, भागिले ४, म्हणजे सव्वाआठला भरती, सव्वादोन-अडीचला सुकती.
द्वादशी: ९ ला भरती, ३ च्या पुढे सुकती.
त्रयोदशी: पावणेदहाला भरती, ४ च्या सुमारास सुकती.
चतुर्दशी: साडेदहाला भरती, साडेचार-पावणेपाचला सुकती.

वद्य पक्षातही हेच गणित चालते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी मालवणचाच भरती-ओहोटीचा तक्ता बघा. मुंबईचा तक्ता इथे लावू नका, वेळ आणि पाण्याची उंची दोन्ही वेगळी असते.

आता किल्ला. तो सकाळी, भरतीच्या आसपास करा. कारणे दोन. पाणी भरलेले असले की धक्का आणि होडीची कड जवळजवळ एका पातळीत येतात आणि बाबांना एक पाऊल टाकून आत जाता येते. सुकतीला होडी खाली बसते, मग उतरताना गुडघ्यावर सगळा भार येतो. दुसरे कारण वारा. थंडीत सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, समुद्र गप्प असतो. दुपारनंतर खारा वारा सुटला की होडी हलायला लागते. द्वादशीला सकाळी साडेआठपर्यंत बंदरावर असलात तर दोन्ही साधेल. पहिल्या दिवशी रात्रभराच्या प्रवासानंतर भर उन्हात किल्ला नको.

पद्मगडाचे नेमके उलट. तो किनारा आणि सिंधुदुर्ग यांच्या मधल्या खडकावर आहे. दांडीच्या किनाऱ्यावरून सुकतीला पाण्यातून चालत जाता येते. अष्टमी-नवमीला भांग असते, पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. एकादशीला त्याचा असर अजून असतो. त्रयोदशी-चतुर्दशीला उधाण जवळ येते तसे पाणी जास्त खाली जाते, म्हणून त्रयोदशीची दुपार धरा. दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या नसतात. तक्त्यात दुपारच्या सुकतीचा आकडा मोठा दिसला तर वाट नीट उघडणार नाही, मग हट्ट करू नका.

वेळ अशी पाळा: सुकती चारला असेल तर तीनला किनारा सोडा आणि साडेचारच्या आत परत या. पाणी उलटल्यावर पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा चढते आणि माणूस निर्धास्त होतो. दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. म्हणजे निम्मी भरती त्या मधल्या दोन तासांत येते. अडकणारे तिथेच अडकतात.

खडकांवर कालवांच्या धारदार कडा असतात. अनवाणी अजिबात नको, चपलाही नकोत, त्या पाण्यात निसटतात. जुने बूट किंवा मागे पट्टा असलेले सँडल घाला. आई-बाबांना किनाऱ्यावरच बसू द्या. आणि दांडीवरच्या एखाद्या मच्छीमाराला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका, वाळू दरवर्षी सरकते.

---

गडवाट:
किल्ल्यावरच्या वेळेबद्दल थोडे. होडी साधारण तासाभराने परत न्यायला येते. तेवढ्यात महादरवाजा, शिवराजेश्वर मंदिर आणि गोड्या पाण्याच्या विहिरी होतात, पूर्ण तटफेरी होत नाही. तट तीन किलोमीटरच्या आसपास आहे आणि मध्ये मध्ये चढउतार आहेत. तटफेरी करायची तर चढतानाच होडीवाल्याला सांगा की पुढच्या फेरीने येऊ, आणि होडीचे नाव लिहून घ्या.

बाबांसाठी दरवाजा ते मंदिर ही वाट पुरे. ती बहुतेक सपाट आहे. तटावर जाणाऱ्या पायऱ्या उंच आहेत, आतल्या बाजूला कठडा नाही, तिकडे त्यांनी जाऊ नये.

काय बघायचे ते आधी माहीत असले तर तासही भरगच्च होतो. होडीतून येताना दरवाजा शोधा, बराच वेळ दिसणार नाही. दोन बुरुज एकमेकांना वळसा घालून पुढे आले आहेत आणि वाट त्यांच्या पोटातून वळत आत जाते. समोरून तोफ डागली तरी दरवाजावर सरळ मारा होऊ नये म्हणून ही रचना. दरवाजाजवळ छोट्या घुमट्या आहेत, त्यांत चुन्यात उमटलेले शिवाजी महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे जपलेले आहेत. शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधले. आतली मूर्ती नेहमीच्या चित्रांसारखी नाही, नावाड्याच्या वेशातली आहे. दर्शन घाईत उरकू नका, ती मूर्ती नीट बघण्यासारखी आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर गोड्या पाण्याच्या आहेत. बेटाची जागा निवडताना हेच पाणी कामी आले.

पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. त्या वेळी पूजा झाली तो मोरयाचा धोंडा किनाऱ्यावरच आहे, दांडीच्या बाजूला. खडकावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. पद्मगडाला जाल तेव्हा वाटेतच बघा, आई-बाबांनाही तिथपर्यंत जाता येईल. लेकीला शाळेत उपयोगी पडेल असे एक: जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत.

विजयदुर्ग मात्र या खेपेला सोडा. मालवणहून जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आसपास पडते, रस्ता वळणांचा आणि गावागावांतून जाणारा. किल्ला नीट बघायला तीन तास हवेत. बाबांचा सगळा दिवस गाडीत जाईल. देवगडला एक मुक्काम ठेवून तो वेगळा करावा, तेवढा मान त्या किल्ल्याचा आहे.

---

चुलीपाशी:
घराबद्दल. पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदलेले घर असेल तर उत्तम, नोंदणी आहे का हे सरळ विचारा. फोनवर एवढे विचारून घ्या:

खोली तळमजल्यावर आहे का. कमोड आहे का, आणि तो खोलीला लागून की अंगणापलीकडे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का. सकाळी आल्या आल्या खोली मिळेल की दुपारी. बहुतेक घरी आदल्या रात्रीचे पाहुणे अकराच्या आसपास निघतात. खोली तयार नसली तरी ओटीवर बसायला आणि अंघोळीला जागा मिळेल का, एवढे आधी ठरवून ठेवा.

“समुद्राजवळ” या शब्दावर समाधान मानू नका, किती मिनिटे चालत हे विचारा. तुमच्यासाठी घर मालवण गावातच असावे, तारकर्लीत नको. तारकर्लीचा किनारा मोठा आणि सुंदर आहे, पण बंदर, बाजार, दवाखाना, एसटी स्टँड सगळे मालवणात. गाडी नसताना सहा-सात किलोमीटरचा हेलपाटा रोज पडेल.

जेवण. घरगुती ठिकाणी मासे सकाळी माणसे मोजून आणतात. म्हणून दुपारच्या जेवणाचे सकाळच्या चहालाच सांगायचे, रात्रीचे दुपारी. ऐन वेळी “आणखी दोन तुकड्या” म्हटले तर मिळणार नाहीत, आणि त्यात घरच्या माणसांची चूक नसते. कुठला मासा हवा हे हटून बसू नका, त्या दिवशी ताजे काय आले ते विचारा. सुरमई सगळे मागतात म्हणून महाग पडते. बांगडा ताजा असेल तर तिरफळ घातलेले त्याचे तिकले, म्हणजे तिखट कालवण, सुरमईपेक्षा कमी नाही.

आई-बाबांची एकादशी असेल तर बुकिंग करतानाच सांगा, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी सहज होते. शाकाहारी दिवस काढायचा तर काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि वडे किंवा आंबोळ्या मागा. ओल्या काजूची उसळ जानेवारीअखेर मिळेलच असे नाही, काजू फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. तिखट कमी हवे असेल तर तेही आधी, कारण वाटप, म्हणजे वाटलेला मसाला, एकदाच होते.

---

निळाई:
स्कूबाला पोहता यावेच लागते असे नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांना प्रशिक्षक धरूनच नेतो. दहा वर्षांवरच्या मुलांना चालते, पालकाची सही लागते. दमा, फिट्स, कानाचे ऑपरेशन किंवा हृदयाचा त्रास असेल तर करू नये. साधी सर्दी असेल तरीही त्या दिवशी नको, हे लोक हमखास अंगावर काढतात. नाक चोंदले असले की कानातला दाब सोडता येत नाही आणि दोन-तीन मीटरवरच कान ठणकायला लागतात.

दाब कसा सोडायचा ते लेकीकडून घरीच करून घ्या. नाक चिमटीत धरायचे, तोंड मिटायचे, हलकेच हवा नाकात ढकलायची. कानात बारीक टक् झाले की झाले. हे दुखायच्या आधी, दर हातभर खाली जाताना करायचे. दुखायला लागल्यावर जोर केला तर पडद्याला इजा होते. तेव्हा थोडे वर यायचे आणि पुन्हा करायचे. खुणा दोनच पाठ करा: अंगठा आणि तर्जनी जोडून गोल म्हणजे “ठीक आहे”, आणि अंगठा वर म्हणजे “वर न्या”. रोजच्या सवयीने “छान” म्हणून अंगठा दाखवला की प्रशिक्षक वर घेऊन येतो आणि फेरी तिथेच संपते.

ठरवताना विचारा: एका माणसामागे एक प्रशिक्षक आहे का, आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घेण्याचा सराव देतात का, होडीला शिडी आहे का. सराव न देता थेट बुडवणारे असतील तर परत फिरा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्थाही आहे, तिथेही चौकशी करा.

वेळ त्रयोदशीची सकाळ. भरतीला बाहेरचे स्वच्छ पाणी आत येते, सुकतीला गाळ उठतो. पोट भरून जाऊ नका, दोन तास आधी हलकी न्याहारी पुरे. तुम्ही रेल्वेने परतता हे बरे. कुणी जवळच्या चिपी विमानतळावरून विमानाने जाणार असेल तर डुबकी आणि उड्डाण यांत १८ तास ठेवावेत.

एक कळकळीची विनंती. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. फोटोत मासे जवळ यावेत म्हणून बिस्किटे, पाव टाकू देऊ नका आणि प्रवाळावर पाय ठेवू नका. दगडासारखे दिसते, पण ते जिवंत असते आणि वर्षभरात फार थोडे वाढते.

---

पायवाट:
सगळ्यांचे आभार. विजयदुर्ग आणि त्याच दिवसाचे कुणकेश्वर रद्द. मग असे करते: एकादशीला पोचून आराम, संध्याकाळी बाजार. द्वादशीला सकाळी किल्ला, दुपारी देवबाग. त्रयोदशीला सकाळी स्कूबा, दुपारी पद्मगड. चतुर्दशीला धामापूर करून कुडाळ. दोन शंका: देवबागची दुपारची सुकती सोयीची की गैरसोयीची? आणि सामानासकट धामापूर कसे करायचे?

---

दर्यावर्दी:
देवबागला सुकतीच सोयीची. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा पट्टा, ज्याला त्सुनामी बेट म्हणतात, तो पाणी उतरल्यावरच उघडा पडतो. दोनच्या सुमारास होडी धरा.

---

निळाई:
तरुणांसाठी बरोबर, इथे मला पटत नाही. सुकतीला होडी पट्ट्यापासून लांब थांबते आणि घोटाभर-गुडघाभर पाण्यात उतरावे लागते, खाली वाळू सरकती. बाबांसाठी ते नको. साडेचारला जा. बेट उघडे नसले तरी चालेल, पाणी चढते असते आणि कर्लीच्या पात्रातून होडीने संगमापर्यंत जाऊन बसल्या जागी सूर्यास्त बघता येतो. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, हे दृश्य होडीतूनच कळते. लाइफ जॅकेट बांधूनच बसा, नुसते खांद्यावर अडकवून नको.

आणि संगमाजवळ पोहायला कुणीही उतरू नये, पोहता येणाऱ्यानेही. सुकतीला नदीचे आणि खाडीचे पाणी एकदम बाहेर ओढते. वर शांत दिसते, खाली ओढ असते.

---

दर्यावर्दी:
बाबांसाठी तुमचे म्हणणे मान्य. साडेचार ठीक.

---

लालडबा:
प्रवासाचे. कुडाळ स्टेशन ते एसटी स्टँड पायी जाण्याइतके जवळ नाही, रिक्षा लागते. तिथून मालवणची एसटी. तुम्हा तिघींना महिला सवलतीत अर्धे तिकीट, बाबांना ७५ च्या वर असल्याने एसटी मोफत. त्यांचे आधार कार्ड हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. रात्रीच्या जागरणानंतर एसटीची दगदग नको असेल तर घरमालकांनाच गाडी पाठवायला सांगा आणि भाडे आदल्या दिवशी फोनवर ठरवून घ्या.

चौथ्या दिवशी रिक्षा पुरणार नाही, तीनच माणसे बसतात आणि तुम्ही सामानासकट चौघे. इको किंवा तशीच गाडी सांगा. वाट मालवण, चौके, धामापूर, काळसे, नेरूरपार, कुडाळ. धामापूर या वाटेवरच आहे, उलट फिरावे लागत नाही. ठरवताना “धामापूरला दोन तास थांबायचे” हे शब्द उच्चारा, नाहीतर थांबण्याच्या पैशांवरून शेवटी घासाघीस होते.

तलाव १५३० सालचा, दोन डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध घालून केलेला. २०२० मध्ये त्याला सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. काठावर भगवतीचे मंदिर आहे. मंदिरापाशी सावलीत बसले की बाबांना काहीच न चढता पूर्ण पाणी दिसते. दुपारी जेवून दोनला मालवण सोडा. संध्याकाळच्या गाडीला तासभर हातात ठेवून पोचाल.

परतीचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, कोकणच्या गाड्या त्याच सकाळी भरतात. आणि माघ-फाल्गुनाच्या सुमारास आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा असते. तिची तारीख ठरावीक तिथीला नसते, देवीच्या कौलाने ठरते. जाहीर झाली की लगेच तुमच्या तारखांशी ताडून बघा. ते दोन-तीन दिवस मालवणात खोली मिळत नाही आणि मसुऱ्याच्या बाजूचे रस्ते भरून जातात.

---

चुलीपाशी:
एकादशीच्या संध्याकाळी बाजारात जाल तेव्हासाठी: कोकम घेताना बाटलीवर “आगळ” लिहिले आहे की “सरबत” ते बघा. आगळ खारट असते, सोलकढीला तेच लागते. सरबतात साखर असते. रंग सारखाच, म्हणून लोक सरबत नेऊन त्याची सोलकढी करतात आणि ती बिघडते. आमसुले हाताला किंचित ओलसर, लवचीक लागली पाहिजेत. कडकडीत आणि काळीभोर असतील तर गेल्या वर्षीची. खाजे घेताना एक तुकडा मोडून बघा. गुळाचा थर कोरडा हवा आणि आल्याचा वास यायला हवा. बोटाला चिकटले तर घरी पोचेपर्यंत त्याचा गोळा होईल.